जुलैचा पाऊस, ओपनचे चार दिवस आणि घरातला गोल्फचा सराव

जुलै लागला की पुण्या-मुंबईकडच्या गोल्फ खेळणाऱ्यांचं वेळापत्रक पावसाच्या हातात जातं. फेअरवे, म्हणजे होलपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा, चिखलाने जड होतो, बॉल पडतो तिथेच रुततो आणि शनिवारी सकाळी सहाला तयार होऊन बसलेल्या माणसाला खिडकीतून आभाळ बघत चहा प्यावा लागतो. नेमक्या याच महिन्यात ब्रिटनमध्ये 'द ओपन' खेळली जाते. 1860 साली स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकला सुरू झालेली ही स्पर्धा गोल्फच्या चार मेजर, म्हणजे सर्वात मोठ्या, स्पर्धांमधली सर्वात जुनी. माझ्या खेळात जी काही सुधारणा झाली, त्यातली निम्मी तरी या जुलैंमध्ये झाली आहे, आणि ती मैदानावर झालेली नाही. ती टीव्हीसमोरच्या फरशीवर झाली. ते कसं जमवायचं, कोणतं साधन घ्यायचं, कोणतं नाही, आणि स्पर्धा बघताना नजर कुठे ठेवायची, हे इथे सविस्तर सांगतो.

आधी वेळ आणि मैदान

ओपन बघायला आपल्याला सोपी आहे. ब्रिटनमध्ये जुलैत जी वेळ असते तिच्यापेक्षा आपण साडेचार तास पुढे. गुरुवारी आणि शुक्रवारी पहिला गट सहसा तिथल्या सकाळी 6:35 ला सुटतो, म्हणजे आपल्याकडे 11:05. रविवारी आघाडीवरची जोडी संध्याकाळी साडेसहा-सातच्या दरम्यान निघते आणि रात्री अकराच्या सुमारास निकाल लागतो. एप्रिलमधल्या मास्टर्सशी, म्हणजे अमेरिकेत ऑगस्टाला होणाऱ्या मेजरशी, तुलना करा. ऑगस्टा आपल्या साडेनऊ तास मागे आहे, त्यामुळे तिथला शेवटचा पट (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, बॉल होलकडे सरकवणारा हलका फटका) पडेपर्यंत आपल्याकडे सोमवारची पहाट झालेली असते. नोकरी-धंदा सांभाळून शिकायचं असेल तर ओपनच बरी.

2026 ची ओपन 16 ते 19 जुलैला साउथपोर्टजवळच्या रॉयल बर्कडेलला आहे. स्पर्धेआधीच्या सोमवारी तीन कामं उरका. पहिलं, यंदा प्रक्षेपण कुठल्या वाहिनीवर किंवा अ‍ॅपवर आहे ते बघा, कारण हे हक्क बदलत असतात. दुसरं, स्पर्धेचं स्वतःचं अ‍ॅप फोनवर घ्या. त्यात थेट गुणफलक आणि कोण किती वाजता सुटणार याची यादी मिळते. तिसरं काम बहुतेक जण करत नाहीत आणि तेच महत्त्वाचं आहे: अठरा होलचा नकाशा एकदा नीट वाचा. कुठल्या होलला वारा समोरून येऊ शकतो, बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, किती अंतरावर आहेत, हे माहीत असेल तर खेळाडूने टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, ड्रायव्हरऐवजी (सर्वात लांब मारणारा क्लब, म्हणजे काठी) आयर्न (कमी लांब मारणारा क्लब) का काढलं ते तुम्हाला समालोचकाच्या आधी कळेल.

ओपन नेहमी लिंक्सवर होते. लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधला वाळूचा, टेकाडांचा पट्टा. झाडं जवळपास नाहीत, वारा सतत, जमीन कडक. बॉल हवेतून पडल्यावरही जमिनीवर बराच धावतो. आपल्या पावसाळी मैदानाच्या अगदी उलट, आणि म्हणूनच बघताना प्रत्येक फटका दोनदा मोजायचा असतो: पडला कुठे आणि थांबला कुठे.

साधनं: जे चूक लगेच दाखवतं तेच घ्या

सरावाच्या साधनांचा बाजार मोठा आहे. पट्टे, वजनदार दांडे, मनगटाला अडकवायचे साचे, पिवळेधमक गोळे. मी एकच कसोटी लावतो. फटका मारल्याबरोबर, कुणी न सांगता, ते साधन मला चूक दाखवतं का? दाखवत असेल तर ठेवायचं. नुसतीच 'योग्य सवय लागेल' अशी हमी असेल तर पैसे खिशात ठेवायचे.

या कसोटीवर घरातली सर्वात मोलाची वस्तू म्हणजे पेन्सिल सेलची जोडी. रिमोटमध्ये घालतो तेच. कसं करायचं ते हिशेबासकट सांगतो, कारण हिशेब कळला की सरावात जीव येतो.

होलचा व्यास 108 मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत 54. दीड मीटरवरून बॉल अगदी हळू पोहोचला, तर नेमापासून दोन अंशांपर्यंतची चूक होल पोटात घेतो. त्यापलीकडे गेली की बॉल कडेला घासून बाहेर. दोन अंश म्हणजे 30 सेंटिमीटरवर जेमतेम 1 सेंटिमीटर. बॉलचा व्यास साधारण 43 मिलिमीटर असतो. म्हणून बॉलच्या पुढे 30 सेंटिमीटरवर दोन सेल उभे करा, मधली फट 63 मिलिमीटर. बॉल या दारातून कशालाही न लागता गेला, तर सपाट जमिनीवरचा दीड मीटरचा पट आत पडला असता. सेल पडला, तर चुकला असता. फरशीवर सेल पडल्याचा टक् आवाज येतो आणि तिथे सबबीला जागा उरत नाही. दार जमायला लागलं की फट 53 मिलिमीटर करा. तो झाला तीन मीटरचा पट. ही फट इतकी अरुंद दिसते की पहिल्या दिवशी माणूस हबकतो.

सरळ जमिनीवर पटची सुरुवातीची दिशा बहुतांशी पटरच्या (पट मारायच्या क्लबच्या) तोंडावरून ठरते, हात कुठून आले यावरून कमी. त्यामुळे सेल सारखा एकाच बाजूचा पडत असेल तर आधी पटरचं तोंड बघा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवा सेल पडतो म्हणजे तोंड उघडं राहतंय, डावा पडतो म्हणजे मिटतंय. पलीकडे लक्ष्य म्हणून स्टीलचं फुलपात्र आडवं ठेवा. त्याचं तोंड खऱ्या होलपेक्षा लहान असतं, तेवढं चांगलंच.

दुसरी वस्तू हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी एक मीटरची स्टीलची पट्टी. एका टोकावर बॉल ठेवा आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकापर्यंत तो खाली न उतरता गेला पाहिजे. हे सेलच्या दारापेक्षाही कडक आहे. रोज दहा पुरे, शंभर नकोत, कारण थकल्यावर आपण मोजणं सोडतो.

तिसरी आरसा. पटिंगसाठी रेघा आखलेले तयार आरसे मिळतात, पण सपाट पडून राहणारा कुठलाही छोटा आरसा चालतो. त्यावर मार्करने एक सरळ रेघ मारा, बॉल रेघेवर ठेवा, वाका आणि स्वतःचे डोळे शोधा. दोन्ही डोळे रेघेवर, किंवा रेघेच्या किंचित आत, आपल्या पायांच्या बाजूला दिसायला हवेत. रेघेच्या पलीकडे दिसले तर तुम्ही बॉलवर ओणवे झाला आहात.

पूर्ण स्विंगसाठी दोन सरळ काठ्या. व्यावसायिक खेळाडूंच्या बॅगेतून डोकावणाऱ्या रंगीत काठ्या तुम्ही पाहिल्या असतील. नर्सरीत रोपांना आधार द्यायला मिळणाऱ्या काठ्यांनीही तेच काम होतं. एक काठी लक्ष्याच्या दिशेने, बॉलच्या थोडी पलीकडे. दुसरी तिला समांतर, पायांच्या बोटांपुढे. रेल्वेचे रूळ डोळ्यांसमोर आणा: बॉल एका रुळावरून जाणार, आपण दुसऱ्यावर उभे. उजव्या हाताचे बरेच खेळाडू नकळत पाय थेट लक्ष्याकडे लावतात, म्हणजे नेम उजवीकडे जातो, आणि मग बॉल डावीकडे आणायला खांदे फिरवून मारतात. पुढच्या सगळ्या दुखण्यांचं मूळ इथे असतं.

ड्रायव्हिंग रेंजवर जात असाल तर एक जुना टॉवेल न्या. चटईवर क्लब आधी जमिनीला लागला तरी घसरत पुढे जातो आणि फटका बरा वाटतो. गवतावर तोच फटका निम्म्यात पडतो. बॉलच्या मागे दहा सेंटिमीटरवर टॉवेलची घडी ठेवा. क्लब टॉवेलला लागला, तर जमीन आधी मारली. बॉल क्लबच्या तोंडावर कुठे लागतो ते बघायचं असेल तर बॉलवर व्हाइटबोर्डच्या मार्करचा ठिपका द्या आणि तो ठिपका तोंडाच्या बाजूला ठेवा. तोंडावर खूण उमटते, पुसली की जाते.

पकडीसाठी बोटांचे साचे असलेली रबरी ग्रिप मिळते. स्कॉटी शेफलर, ज्याने 2025 ची ओपन रॉयल पोर्टरशला चार फटक्यांनी जिंकली, तो सरावाची सुरुवात अशाच ग्रिपच्या क्लबने करतो. जगातला अव्वल खेळाडू रोज पकडीपासून सुरू करतो, हे मला फार मोठं वाटतं. एखाद्या जुन्या, छोट्या क्लबवर ही ग्रिप चढवून घ्या आणि सामना बघताना हातात धरून बसा. वेग वाढवण्याचे वजनी दांडे मात्र तूर्त लांब ठेवा. पाठीची तयारी नसताना ते फिरवणं मला जोखमीचं वाटतं, आणि चुकीच्या दिशेने जाणारा बॉल वेगाने अजून लांब चुकतो.

घरात पूर्ण स्विंग करणार असाल तर आधी वर पंखा आणि मागे माणूस बघा. गच्चीवर फक्त फोमचे बॉल. खरा बॉल 46 ग्रॅमच्या आसपास असतो आणि शेजारच्या काचेला तेवढे पुरतात.

बॅगेत काय असावं

नियमाने जास्तीत जास्त चौदा क्लब. सुरुवातीला इतके लागत नाहीत. ड्रायव्हर किंवा 3 वूड, एक हायब्रिड, 6 आणि 8 नंबरचे आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज (बॉल उंच उडवणारे दोन छोट्या पल्ल्याचे क्लब) आणि पटर, या सात क्लबवर वर्षभर आनंदाने खेळता येतं. मधली अंतरं अर्ध्या स्विंगने भरायला शिकता, आणि ते पुढे वाऱ्यात कामाला येतं.

मी पहिला सेट एका दुकानातून तयार उचलला, लांबी न तपासता. विक्रेत्याने 'स्टँडर्ड आहे, सगळ्यांना चालतो' असं सांगितलं आणि मी मान डोलावली. माझी उंची बेताची. दोन वर्षं मी प्रत्येक आयर्न टाचेकडून, म्हणजे दांड्याजवळच्या भागाने, मारत होतो आणि दोष स्वतःच्या स्विंगला देत होतो. म्हणून कळकळीने सांगतो: घेण्याआधी दोन गोष्टी बघा. क्लबच्या तळाला मार्करने रेघ मारून काही फटके मारा. घासल्याची खूण तळाच्या मध्यावर आली तर कोन ठीक, टाचेकडे आली तर क्लब तुमच्यासाठी उभट, टोकाकडे आली तर सपाट. दुसरं, डाव्या हाताने ग्रिप धरल्यावर मधल्या दोन बोटांची टोकं तळव्याला हलकी टेकली पाहिजेत. रुतली तर ग्रिप बारीक, पोचलीच नाहीत तर जाड. ग्रिप बदलणं नवीन क्लब घेण्यापेक्षा खूप स्वस्त पडतं. वापरलेला सेट घ्यायला मुळीच संकोच करू नका.

चौदाच्या नियमावरून 2001 ची ओपन आठवते. रॉयल लिदमला शेवटच्या दिवशी इयान वूस्नम बरोबरीच्या आघाडीवरून सुरुवात करत होता. पहिला होल पार तीनचा, म्हणजे तीन फटक्यांत पुरा होणं अपेक्षित. त्याने टी शॉट होलच्या अगदी जवळ ठेवला आणि बर्डी केली, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी घेतला. दुसऱ्या टीवर कॅडीने, म्हणजे बॅग वाहणाऱ्या मदतनिसाने, सांगितलं की बॅगेत दोन ड्रायव्हर राहिलेत, एकूण क्लब पंधरा. दोन फटक्यांचा दंड. त्या दिवशी तो बरोबरीत तिसरा आला. तेव्हापासून मी पहिल्या टीवर बॅग मोजतो, सात क्लब असले तरी. आणखी एक लक्षात ठेवा: काठ्या, आरसा, साचे ही सगळी सरावाची साधनं. फेरी सुरू झाल्यावर दिशा बघायला काठी खाली ठेवली तर दंड बसतो.

चार दिवस, रोज एकच गोष्ट

सगळं बघायला गेलात तर काहीच हाती लागत नाही. दिवसाला एक प्रश्न घेऊन बसा, जवळ वही ठेवा, आणि जाहिराती लागल्या की सेलच्या दारातून दहा पट.

गुरुवारी बघा टीवरचा क्लब. कुणी ड्रायव्हर काढला, कुणी आयर्न, आणि का. 2006 च्या ओपनमध्ये हॉयलेकची जमीन इतकी कोरडी होती की टायगर वूड्सने बहात्तर होलमध्ये ड्रायव्हर एकदाच वापरला. बंकरच्या अलीकडे राहायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं, आणि जिंकला. वहीत तीन होल निवडून लिहा: अंतर किती, क्लब कुठला, बॉल थांबला कुठे. नंतर तुमच्या मैदानावरचे कोणते होल तुम्ही उगाच ड्रायव्हरने खेळता ते त्यापुढे लिहा. माझे चार निघाले.

शुक्रवारी कट. पहिल्या छत्तीस होलनंतर 156 जणांतून पहिले सत्तर आणि त्यांच्या बरोबरीचे पुढे जातात. आघाडी सोडा आणि कटच्या रेषेवरचे चार-पाच जण धरा. शेवटच्या तीन होलमध्ये पार हवा असताना माणूस कसा खेळतो, हे शिकायला याहून चांगली शाळा नाही. ओपनमध्ये दैवाचाही भाग असतो. गुरुवारी सकाळी सुटलेले शुक्रवारी दुपारी खेळतात, आणि एका बाजूला शांत हवा तर दुसऱ्या बाजूला वादळ असं बरेचदा होतं. 2015 ला सेंट अँड्र्यूजवर शनिवारी वाऱ्याने ग्रीनवरचे बॉल हलायला लागले, खेळ थांबला आणि स्पर्धा सोमवारी संपली. ओपनचे ग्रीन इतर मोठ्या स्पर्धांपेक्षा हळू ठेवतात त्याचं कारण हेच.

वाऱ्यातला बुटका फटकाही याच दिवशी टिपा. बॉल नेहमीपेक्षा थोडा मागच्या पायाकडे, हात ग्रिपवर खाली, एक-दोन क्लब जास्तीचे (म्हणजे लांब पल्ल्याचे), आणि शेवट छातीच्या उंचीवरच थांबलेला. समोरून वारा आला की हौशी माणूस जोर वाढवतो. जोराने बॉलला फिरकी जास्त लागते आणि तो आणखी वर चढतो. तिथले खेळाडू जोर कमी करतात.

शनिवार छोट्या खेळाचा. 2022 ला सेंट अँड्र्यूजवर कॅमरन स्मिथ सतराव्या होलला ग्रीनच्या बाहेर अडकला, मध्ये रोड बंकर. त्याने वेज न काढता पटर घेतला, बंकरला वळसा घालून बॉल ग्रीनवर आणला आणि पुढचा पट घालून पार वाचवली. त्या शेवटच्या दिवशी 64 फटक्यांत फेरी संपवून तो जिंकला. ग्रीनच्या कडेला गवत बारीक असेल तर पटर काढा. तुमचा वाईट पटसुद्धा बहुधा तुमच्या वाईट चिपपेक्षा (ग्रीनबाहेरून उचलून मारलेल्या छोट्या फटक्यापेक्षा) होलच्या जवळ थांबेल.

रविवारी शेवटचे नऊ होल, आणि एका खेळाडूचा बॉलपुढचा क्रम. किती वेळा होलकडे बघतो, किती वेळा क्लब हलवतो, कधी मारतो. मोजा. 2023 ला हॉयलेकला शेवटच्या दिवशी जोराचा पाऊस होता. डाव्या हाताने खेळणारा ब्रायन हार्मन, उंचीने बेताचा, फटक्याने फार लांबचा नाही, प्रत्येक बॉलपुढे तोच क्रम तसाच करत राहिला आणि सहा फटक्यांनी जिंकला. त्या आठवड्यात दहा फुटांच्या आतले 59 पैकी 58 पट त्याने घातले. दहा फूट म्हणजे तीन मीटर, म्हणजे आपलं 53 मिलिमीटरचं दार. त्याच स्पर्धेत आपला शुभंकर शर्मा बरोबरीत आठवा आला. ओपनमधली कुठल्याही भारतीयाची ती सर्वात वरची जागा. दोघांचेही भिजलेले टॉवेल आणि छत्रीखाली पुसून घेतलेल्या ग्रिप मला अजून दिसतात.

पावसातलं सामान

चामड्याचा ग्लव्ह ओला झाला की हातात फिरतो, आणि बॅगेत तसाच राहिला की दोन दिवसांत त्याला बुरशी येते. पावसासाठी कापडी ग्लव्ह मिळतात, ते ओले झाल्यावर जास्त घट्ट पकडतात. एक जोडी घ्या, दोन्ही हातांत घाला. घरी आल्यावर पहिल्यांदा क्लबचे टोप काढा, कारण ओल्या टोपाखाली पाणी मुरतं आणि मुलामा न चढवलेल्या पोलादाची वेज आठवड्यात तांबूस होते. ग्रिप साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, फडक्याने कोरड्या करा, क्लब भिंतीला उभे करून ठेवा. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि संध्याकाळी बदला. गॅसजवळ किंवा हीटरसमोर वाळवू नका, तळवा सुटतो. बॅगेचे सगळे कप्पे रात्रभर उघडे.

स्पर्धा संपल्यावर सोमवारी पुन्हा ते दोन सेल मांडा. दीड मीटरचं दार, पन्नास बॉल, किती आत ते वहीत तारीख घालून लिहा. पुढच्या सोमवारी पुन्हा मोजा आणि आकडा शेजारी लिहा. पुढच्या रविवारी पाऊस उघडला आणि मैदान खुलं असलं, तर पहिल्या फेरीत गुरुवारी वहीत लिहिलेल्या तुमच्या होलवर ड्रायव्हर बॅगेतच राहू द्या.